प्रार्थनेला उत्तरच येत नाही तेव्हा… वाट बघण्याबद्दल ख्रिस्ती परंपरा काय सांगते?

मुंबईत बुधवारी माहीमच्या सेंट मायकल चर्चवरून गेला असाल, तर तिथली गर्दी तुम्ही पाहिली असेल. बाहेर फुलांचे आणि मेणबत्त्यांचे स्टॉल, आत नोव्हेनाची प्रार्थना. १९४८ मध्ये सुरू झालेली ही बुधवारची प्रार्थना आजही वेगवेगळ्या भाषांत दिवसभर चालू असते. येणाऱ्यांत फक्त ख्रिस्ती नसतात, हिंदू, मुस्लिम, पारशी असे सगळेच दिसतात. स्टॉलवर मेणाच्या वस्तू मिळतात. घर हवं असेल तर मेणाचं घर, मूल हवं असेल तर मेणाचं बाळ, गुडघा दुखत असेल तर मेणाचा पाय. बांद्र्याला मोत मावलीच्या टेकडीवरही हेच चित्र.

सलग नऊ बुधवार यायचं, असा अनेकांचा रिवाज. पण दहाव्या बुधवारी काय? नऊ झाले, आणि घर नाही, बाळ नाही, गुडघाही तसाच. मग?

फोनवर याचं एक झटपट उत्तर फिरत असतं. ‘२४ तासांत चमत्कार बघा, आमेन लिहा, ११ जणांना पाठवा’ अशा रीलखाली शेकडो आमेन पडलेले असतात. मधेच कुणीतरी लिहितं, “तीन वर्षं मागतेय, काहीच झालं नाही.” त्याखाली कुणीतरी उत्तर देतं, “ताई, तुमचा विश्वास कमी पडतोय.”

हे उत्तर क्रूर तर आहेच. शिवाय ख्रिस्ती परंपरेचं ते मुख्य उत्तर नाहीच. या परंपरेत उशिराला जागा आहे, नकाराला जागा आहे आणि देवाकडे केलेल्या तक्रारीलाही जागा आहे. तीच कोणती, ते बघू.

‘विश्वास कमी पडतोय’ आलं कुठून?

पूर्णपणे हवेतून नाही. मागा म्हणजे मिळेल, मोहरीच्या दाण्याएवढा विश्वास असेल तर डोंगरही सरकेल, अशा अर्थाची येशूची वचनं शुभवर्तमानात आहेत. येशू आजारी माणसाला बरं करतो आणि तुझ्या विश्वासाने तू बरा झालास असं सांगतो, अशाही गोष्टी आहेत.

विसाव्या शतकात अमेरिकेत काही उपदेशकांनी याच वचनांवर एक वेगळी शिकवण उभी केली. तिला ‘प्रॉस्पेरिटी गॉस्पेल’ म्हणतात, म्हणजे भरभराटीची सुवार्ता. देवाला तुम्ही निरोगी आणि श्रीमंत असावं असंच वाटतं, विश्वास आणि देणगी हे तुमचं काम, बाकी देव बघेल, असा तिचा सूर. आधी टीव्हीवरून, मग यूट्यूबवरून ही शिकवण आफ्रिका, लॅटिन अमेरिका आणि भारतातही पोचली. अडचण उघड आहे. सगळं विश्वासावर अवलंबून असेल, तर आजार बरा न होणं हा आजाऱ्याचाच दोष ठरतो.

केट बोलर या इतिहासकार अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात शिकवतात. या चळवळीचा इतिहास त्यांनी २०१३ मध्ये पुस्तकरूपात मांडला. दोनच वर्षांनी, वयाच्या ३५व्या वर्षी त्यांना चौथ्या टप्प्यातल्या कॅन्सरचं निदान झालं. त्यानंतर त्यांनी लिहिलेलं पुस्तक जास्त गाजलं. ‘प्रत्येक गोष्टीमागे काहीतरी कारण असतंच’ या दिलाशाचीच त्यांनी त्यात झडती घेतली. त्या ख्रिस्ती आहेत आणि राहिल्या. त्यांनी सोडलं ते हिशेब जुळलाच पाहिजे हे गृहीतक.

बायबलमधल्या लोकांना तरी लगेच मिळालं का?

नाही. बायबल उघडलं की वाट बघणारी माणसं पानोपानी भेटतात.

अब्राहाम ७५ वर्षांचा असताना देव त्याला वंश वाढवण्याचं वचन देतो. इसहाक जन्मतो तेव्हा तो १०० वर्षांचा आहे. म्हणजे मधली २५ वर्षं. या काळात अब्राहाम आणि सारा शांत बसून होते असंही नाही. साराने आपली दासी हागार नवऱ्याला दिली, इश्माएल जन्मला, आणि घरात जे व्हायचं ते झालं. साराला नंतर बाळ होणार असं कळलं तेव्हा ती हसली. ज्यांना ‘विश्वासाचे आदर्श’ म्हणतात त्यांची ही कथा. श्रद्धा टिकवणं म्हणजे शंका न येणं, अशी व्याख्या इथे बसतच नाही.

हन्ना मूल होत नाही म्हणून मंदिरात रडत प्रार्थना करत होती. ओठ हलत होते, आवाज नव्हता. याजक एलीला वाटलं, ही बाई दारू पिऊन आली आहे. दुसऱ्याचं दुःख ओळखण्यात धर्मातली अधिकारी माणसंही कशी चुकतात, याची बायबलमधली ही नोंद मला फार महत्त्वाची वाटते.

लाजरची गोष्ट त्याहून विचित्र. तो आजारी असल्याचा निरोप येशूला मिळतो, आणि येशू आहे तिथेच आणखी दोन दिवस थांबतो. पोचतो तेव्हा लाजरला कबरीत ठेवून चार दिवस झालेले असतात. मार्था आणि मरीया या दोघी बहिणी त्याला वेगवेगळ्या भेटतात, पण तक्रार एकच करतात. तू इथे असतास तर आमचा भाऊ मेला नसता. येशू त्यांना रागावत नाही. तो रडतो. पुढे लाजर उठतो हे सगळ्यांना माहीत असतं, मधले चार दिवस मात्र आपण घाईने वाचून टाकतो.

“आणखी किती दिवस?” हीसुद्धा प्रार्थनाच

आता सगळ्यात महत्त्वाचा भाग. बायबलमध्ये ‘स्तोत्रसंहिता’ नावाचं पुस्तक आहे. यहुदी आणि ख्रिस्ती दोघांचंही हे प्रार्थनेचं पुस्तक. त्यात १५० स्तोत्रं आहेत आणि त्यातली साधारण एक तृतीयांश विलापाची आहेत. म्हणजे प्रार्थनेच्या अधिकृत पुस्तकातच एवढी जागा तक्रारीला दिली आहे.

या स्तोत्रांचा एक साचा असतो. आधी देवाला हाक. मग गाऱ्हाणं, तेही मोकळेपणी. तू झोपलास का, तोंड का लपवलंस, मला विसरलास का, असं थेट. मग मागणी. आणि शेवटी, बहुतेक वेळा, भरवशाचा एखादा सूर. तेरावं स्तोत्र हा त्याचा छोटा नमुना. सुरुवातीलाच ‘आणखी किती वेळ’ हा प्रश्न चार वेळा येतो, आणि शेवट गाण्याने होतो.

पण ८८वं स्तोत्र असं वळत नाही. त्यात रात्रंदिवस हाक मारणारा माणूस शेवटीही अंधारातच आहे. त्याला उत्तर मिळत नाही, आशेची ओळही जोडलेली नाही. संकलन करणाऱ्यांना हे स्तोत्र गाळता आलं असतं, किंवा शेवटी दोन बऱ्या ओळी जोडता आल्या असत्या. त्यांनी तसं केलं नाही. शतकानुशतकं मठांमध्ये, चर्चमध्ये हे स्तोत्र जसंच्या तसं म्हटलं जातं. ज्याच्याकडे आज आशा नाही त्यालाही म्हणता येईल असं काहीतरी त्यामुळे शिल्लक राहिलं.

तक्रार आणि श्रद्धा यांचं हे नातं मराठी वाचकाला समजवावं लागू नये. विठ्ठलाशी भांडणाऱ्या संतांच्या मुलखातले आपण. कवी नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले, आणि आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असं ते सांगत. रुसण्यासाठीही समोर कुणीतरी आहे असं मानावं लागतं. जो देवाला जाब विचारतो, त्याचं देवाशी बोलणं अजून सुरू असतं.

(स्तोत्रं मराठीत वाचायची असतील आणि जुनी भाषा जड जात असेल, तर फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं ‘सुबोध बायबल’ बघा.)

आणि उत्तर ‘नाही’ असेल तर?

‘देवाचं उत्तर होय, नाही किंवा थांब यांपैकी एक असतं’ हे वाक्य तुम्ही ऐकलं असेल. पोस्टरवर छान दिसतं. पण ‘नाही’ ऐकलेल्या माणसाला ते पुरत नाही. ख्रिस्ती विश्वासात दोन मोठे ‘नाही’ अगदी मध्यभागी आहेत.

पहिला पौलाचा. चर्चच्या सुरुवातीच्या काळातला हा सर्वांत मोठा प्रचारक. करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात तो ‘शरीरातल्या काट्या’बद्दल सांगतो. तो काटा म्हणजे आजार होता की आणखी काही, यावर अभ्यासक आजही वाद घालतात. तो काढून टाक अशी त्याने तीनदा विनंती केली. काटा निघाला नाही. माझी कृपा तुला पुरेशी आहे, अशा अर्थाचं उत्तर त्याला मिळालं. पौलाचा विश्वास कमी पडला होता असं म्हणण्याची हिंमत कुठलाही उपदेशक करणार नाही.

दुसरा ‘नाही’ खुद्द येशूला मिळालेला. अटकेच्या रात्री गेथशेमानेच्या बागेत तो प्रार्थना करतो, की हा दुःखाचा प्याला माझ्यापासून दूर होऊ दे. पुढे लगेच, पण तुझ्या इच्छेप्रमाणे होवो, असंही म्हणतो. मत्तयच्या शुभवर्तमानानुसार ही प्रार्थना तो तीनदा करतो. प्याला दूर होत नाही. दुसऱ्या दिवशी क्रुसावर तो देवाने मला का टाकलं असा आक्रोश करतो, आणि तोही एका विलाप-स्तोत्राच्या, बाविसाव्याच्या, सुरुवातीचे शब्द घेऊन. ख्रिस्ती माणूस ज्याला देव मानतो त्यानेच मागितलं आणि त्याला मिळालं नाही. त्यामुळे न मिळणं म्हणजे देवाने टाकून देणं, हे समीकरण या धर्मात मुळातच टिकत नाही.

मोनिका: जिला हवं ते मिळालं, पण आधी उलटंच घडलं

वाट बघणाऱ्यांच्या यादीत कॅथलिक लोक सर्वांत आधी संत मोनिकाचं नाव घेतात. चौथ्या शतकात उत्तर आफ्रिकेत, आजच्या अल्जेरियात राहणारी ही बाई. तिचा मुलगा ऑगस्टीन हुशार, पण आईच्या धर्मापासून दूर गेलेला. १९व्या वर्षी तो मानी पंथात शिरला. आई रडत राहिली, प्रार्थना करत राहिली. एका बिशपकडे जाऊन ती विनवू लागली, की माझ्या मुलाशी एकदा बोला. बिशप म्हणाले, आत्ता तो ऐकणार नाही, त्याला राहू दे, तू फक्त प्रार्थना कर. ती हटेना. शेवटी वैतागून ते म्हणाले, जा आता, एवढे अश्रू ज्याच्यासाठी वाहिले तो मुलगा वाया जाणं शक्य नाही.

३८३ मध्ये ऑगस्टीनने रोमला जायचं ठरवलं. आईला ते नको होतं. ती बंदरापर्यंत मागे गेली. त्याने तिला थाप मारली, आणि रात्री ती जवळच्या एका देवळात ‘तो जाऊ नये’ म्हणून प्रार्थना करत असताना तो जहाजाने निघून गेला.

त्या रात्रीची प्रार्थना साफ नाकारली गेली. पण रोमहून तो मिलानला गेला, तिथे त्याने बिशप अँब्रोज यांची प्रवचनं ऐकली, आणि ३८७ च्या ईस्टरला त्याचा बाप्तिस्मा झाला. तो गेला नसता तर हे घडलं नसतं. ऑगस्टीनने नंतर आपल्या ‘कन्फेशन्स’मध्ये हेच लिहिलं आहे, की तिचं त्या रात्रीचं मागणं देवाने ऐकलं नाही, कारण तिचं कायमचं मागणं त्याला पुरं करायचं होतं. त्याच वर्षी मोनिका वारली.

गोष्ट सुंदर आहे, पण ती वापरताना जपून. ऑगस्टीनला हे मागे वळून बघताना दिसलं. बंदरावर रडणाऱ्या आईला त्या रात्री कुणी ‘यातही देवाची योजना आहे’ असं सांगितलं असतं, तर तिचं काय झालं असतं? शेवट सुखाचा नसलेल्या मोनिकाही असणारच, त्यांची मुलं पुस्तकं लिहीत नाहीत एवढंच.

मदर तेरेसांची पत्रं

२००७ मध्ये मदर तेरेसांची खासगी पत्रं प्रसिद्ध झाली आणि जगभर खळबळ उडाली. पत्रं नष्ट करावीत अशी त्यांची स्वतःची इच्छा होती. त्यातून कळलं, की कोलकात्यात काम सुरू केलं त्या सुमारापासून १९९७ मध्ये मृत्यू होईपर्यंत, मधला छोटा काळ सोडता, त्यांना प्रार्थनेत देव जवळ असल्याचं जाणवतच नव्हतं. जवळपास ५० वर्षं. याच काळात त्यांना १९७९ चं नोबेल मिळालं.

काहींनी हा ढोंगाचा पुरावा मानला. कॅथलिक चर्चने मात्र २०१६ मध्ये त्यांना संत घोषित केलं. अशा अनुभवाला तिथे जुनं नाव आहे, ‘आत्म्याची काळोखी रात्र’. सोळाव्या शतकातले स्पॅनिश संत जॉन ऑफ द क्रॉस यांच्यापासून ते रूढ झालं. अर्थात मदर तेरेसांची वाट नोकरी किंवा मूल मागणाऱ्याच्या वाटेपेक्षा वेगळी होती. त्यांना वस्तू मिळत नव्हती असं नाही, मागण्याच्या दुसऱ्या टोकाला कुणी आहे हेच जाणवत नव्हतं. तरी त्या सकाळी उठून प्रार्थनेला बसत आणि मग कामाला लागत.

मग रोजच्या रोज टिकवायचं कसं?

इथे कॅलेंडर कामाला येतं. ख्रिस्ती वर्षात वाट बघणं हे ठरवून दिलेलं काम आहे.

नोव्हेनाचंच बघा. लॅटिनमध्ये ‘नोव्हेम’ म्हणजे नऊ. येशू स्वर्गात गेल्यावर शिष्यांना यरुशलेममध्ये थांबायला सांगितलं होतं, आणि पेन्टेकॉस्टपर्यंत ते प्रार्थना करत थांबले. त्या मधल्या नऊ दिवसांवरून ही पद्धत आली असं मानतात. म्हणजे नोव्हेना हा नऊ हप्त्यांचा व्यवहार नाही, मुळात तो थांबण्याचा सराव आहे. नाताळच्या आधीचे चार रविवार म्हणजे आगमनकाळ, तोही वाट बघण्याचाच. आणि गुड फ्रायडे व ईस्टरच्या मधला पवित्र शनिवार. त्या दिवशी सकाळपासून कॅथलिक चर्चमध्ये मिस्सा होत नाही, वेदी उघडी ठेवतात. रात्री जागरणाची उपासना सुरू होईपर्यंत काहीच नाही.

दुसरा आधार तयार शब्दांचा. स्वतःचे शब्द संपतात तेव्हा रोजरीची माळ, प्रभूची प्रार्थना, एखादं स्तोत्र. नुसतं ओठांनी म्हटलं तरी चालतं, असं अनुभवी धर्मगुरू सांगतात. प्रॉटेस्टंट मंडळ्यांमध्ये संतांकडे मध्यस्थी मागत नाहीत आणि नोव्हेनाही नसते, पण उपवास-प्रार्थना आणि साखळी प्रार्थना असते. साखळीत प्रत्येकाने ठरलेला तास वाटून घ्यायचा. यातला व्यवहार सरळ आहे. ज्याला आज प्रार्थना करवत नाही, त्याच्यासाठी दुसरा कुणी करतो.

प्रार्थना ‘काम करते’ का, याचा प्रयोगही झालाय. अमेरिकेत सहा हॉस्पिटलांत, बायपास झालेल्या १,८०२ रुग्णांवर. निष्कर्ष २००६ मध्ये आले. अनोळखी लोकांनी केलेल्या प्रार्थनेने गुंतागुंत कमी झाली नाही. उलट आपल्यासाठी प्रार्थना चालली आहे हे ज्यांना नक्की माहीत होतं त्यांच्यात गुंतागुंतीचं प्रमाण ५९ टक्के होतं, बाकी दोन गटांत ५१ आणि ५२. नास्तिकांना यात पुरावा दिसला. अनेक धर्मपंडितांनी देव प्रयोगशाळेत बसत नाही असं म्हटलं. माझ्या मते यातून एवढं नक्की कळतं, की प्रार्थनेची गॅरंटी विकणाऱ्याकडे दाखवायला काही नाही.

‘प्रार्थना करा, गोळ्या बंद करा’ असं कुणी सांगितलं तर?

ऐकू नका. मुख्य प्रवाहातलं कुठलंही चर्च असं शिकवत नाही. याकोबाच्या पत्रात आजाऱ्याला तेल लावून प्रार्थना करायला सांगितलं आहे, औषध सोडायला नाही. लूक, ज्याच्या नावाने एक शुभवर्तमान आहे, त्याला पौल ‘प्रिय वैद्य’ म्हणतो. मिरजेचं मिशन हॉस्पिटल उभं करणारे डॉ. विल्यम वॉनलेस प्रार्थनाही करत आणि ऑपरेशनही.

लांबलेल्या प्रतीक्षेत झोप उडाली, जगणं नकोसं वाटायला लागलं, तर तो विश्वासाचा प्रश्न समजून लपवू नका. सरकारची टेलिमानस हेल्पलाइन १४४१६ वर मोफत आहे, मराठीतही बोलता येतं.

आणि वाट बघणारे तुम्ही नाही, तुमची मैत्रीण असेल तर?

ईयोबाच्या पुस्तकात याचं उत्तर आहे. ईयोबाची मुलं, संपत्ती, तब्येत सगळं जातं. तीन मित्र येतात आणि सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर नुसते बसतात. एक शब्द बोलत नाहीत. इथवर त्यांचं बरोबर होतं. मग ते बोलायला लागतात. तुझं काहीतरी चुकलं असेल, पश्चात्ताप कर, देव न्यायी आहे. आजच्या कमेंट बॉक्समध्ये शोभतील असे मुद्दे, प्रकरणामागून प्रकरण. ईयोब त्यांना कंटाळतो आणि देवाला कोर्टात उभं करण्याची भाषा करतो.

शेवटी देव बोलतो. ईयोबाला का सोसावं लागलं, हे तो सांगत नाही. पण देवाची बाजू घेऊन बोलणाऱ्या त्या मित्रांवर तो भडकतो. माझ्याबद्दल ईयोब बोलला तसं खरं तुम्ही बोलला नाहीत, असं त्यांना सुनावतो. आणि मग त्यांना ईयोबाकडेच पाठवतो, त्याने त्यांच्यासाठी प्रार्थना करावी म्हणून.